पिकअप घेताय? आधी वजनकाट्यावर जा, मग शोरूममध्ये!



दर बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पिकअप घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "रोज किती किलो माल नेता?" यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं बरंच असतं."

"बरंच" हा आकडा नाही. आणि "बरंच" या शब्दावर बँक सात-आठ लाखांचं कर्ज देऊन मोकळी होते, हप्ता मात्र तुम्ही फेडता. म्हणून आजच्या व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: नवीन उद्योजकाने मोठी गाडी घेऊ नये, छोटीही घेऊ नये. मोजलेली गाडी घ्यावी. आणि मोजेपर्यंत भाड्याच्या गाडीवर काम करावं.

अमेरिकन व्हिडिओ बघून भारतात गाडी घेऊ नका

यूट्यूबवर फोर्डच्या एफ-सिरीजसारखे ट्रक मागे बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढताना दिसतात. बघायला भारी वाटतं! पण तिथे मागे ओढण्याची क्षमता महत्त्वाची, कारण माल ट्रेलरवर असतो. आपल्याकडे पिकअपचा माल हौद्यात असतो. ट्रेलर जोडायचा म्हटलं तर कायद्याने ते वेगळं वाहन धरलं जातं, त्याची वेगळी नोंदणी लागते. ओढायचं काम आपल्याकडे ट्रॅक्टर करतो.

तसंच टोयोटा हायलक्ससारख्या पाच सीटच्या पिकअपचं. गाडी दणकट आहे, वाद नाही. पण डबल केबिनमुळे मागचा हौदा आखूड होतो. लग्नाचा मंडप त्यात मावणार नाही. हौसेची गाडी हौसेच्या पैशातून घ्या, धंद्याच्या कर्जातून नको.

तुमचा माल जड आहे की फुगीर?

पहिला प्रश्न हा. कंपनी कुठली, हा पाचवा-सहावा प्रश्न आहे.

सिमेंटची गोणी ५० किलोची. १,३०० किलो क्षमतेच्या गाडीत २६ गोण्या झाल्या की संपलं, हौदा अर्धा रिकामा दिसला तरी. वाळूचं तर विचारूच नका. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन. म्हणजे अर्धा ब्राससुद्धा दोन टनांच्या वर जातो! तरीही "अर्धा ब्रास टाक रे पिकअपमध्ये" असं आपण सर्रास ऐकतो. पाण्याचंही तेच. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो, टाकीचं वजन वेगळं.

याच्या उलट गाद्या, थर्माकोल, वेफर्सची खोकी, मंडपाचं कापड. इथे वजन भरायच्या आत जागा भरते. तुम्हाला जास्त टनाची नाही, लांब हौद्याची गाडी हवी. असा धंदा असेल तर शोरूममध्ये जाताना मोजपट्टी घेऊन जा. फाळका बंद करून आतली लांबी-रुंदी स्वतः मोजा.

क्षमता आरसीवर वाचा, जाहिरातीत नको

आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासह एकूण वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची खरी क्षमता. आता तुम्ही वरून लोखंडी पिंजरा लावला, ताडपत्रीची फ्रेम बसवली, सोबत दोन हमाल घेतले. ते सगळं वजन त्याच क्षमतेतून जातं, बरं का.

बाजारात सगळ्या मापाच्या गाड्या आहेत. २००५ साली आलेली टाटा एस, आपला छोटा हत्ती, साधारण पाऊण टनाची. अशोक लेलँडची दोस्त सव्वा टनाच्या आसपास. टाटा इंट्रा व्ही-५० दीड टनाची. महिंद्रा बोलेरो पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत वेगवेगळ्या मॉडेलमध्ये मिळते. टाटा योद्धा २.० दोन टनांची. म्हणजे "माझ्या मापाची गाडीच नाही" ही तक्रार चालणार नाही.

एक बारीक गोष्ट. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यावर गेलं की लागतं. लायसन्सचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की, ७,५०० किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते.

"गाडी ओढते ना, मग झालं!"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. दीड टनाची गाडी दोन टन ओढते, मान्य. चढ चढते, तेही मान्य. पण प्रश्न ओढण्याचा नाही, थांबण्याचा आहे. कसारा किंवा आंबा घाट उतरताना तेच जादा वजन मागून ढकलत असतं. सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी पकडत नाही. गॅरेजमध्ये जादा पाटे टाकून घेतले की गाडी खाली बसत नाही, एवढंच. ब्रेक, ॲक्सल आणि चेसिस तेच राहतात. कंपनीने ठरवलेलं वजन या सगळ्यांचा विचार करून ठरवलेलं असतं.

दंडही बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. एका फेरीचे हजार रुपये वाचवायला गेलात आणि महिन्याचा नफा रस्त्यावर ठेवून आलात! आणि अपघात झाला तर? ओव्हरलोडचं कारण पुढे करून विमा कंपनी क्लेमवर वाद घालू शकते. गाडीवर ड्रायव्हर असतो, त्याच्या घरी माणसं असतात. तिथे पैशाचा हिशोब संपतो.

म्हणूनच म्हणतो, छोटी गाडी घेऊन रोज ओव्हरलोड करणं हा काटकसरीचा मार्ग नाही. रोजचा माल दीड टन असेल तर दीड टनाचीच घ्या.

मग सरळ मोठीच घेऊ का?

इथे काही लोक माझ्याशी भांडतात. "सर, मोठी घेतली की धंदा वाढतो." माझं उत्तर: गाडीने धंदा वाढत नाही, गिऱ्हाइकाने वाढतो. दिवाळीत किंवा लग्नसराईत चार दिवस दुप्पट माल असतो म्हणून बारा महिने मोठा हप्ता कशाला? त्या चार दिवसांना दुसरी गाडी भाड्याने घ्या.

चला, हिशोब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

८ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११ टक्के व्याज. हप्ता साधारण १७,४०० रुपये. ड्रायव्हर १५,०००. विमा, टायर, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला ८,००० धरा. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी ४०,४०० रुपये. शिवाय दिवसाला ६०० रुपयांचं डिझेल. दुसरीकडे भाड्याची गाडी डिझेलसह दिवसाला २,५०० रुपये.

- महिन्यात १४ दिवस काम: भाड्याची गाडी ३५,०००, स्वतःची ४८,८००.
- महिन्यात २२ दिवस काम: भाड्याची गाडी ५५,०००, स्वतःची ५३,६००.
- महिन्यात २६ दिवस काम: भाड्याची गाडी ६५,०००, स्वतःची ५६,०००.

दिसलं? या हिशोबात २२ दिवसांच्या खाली स्वतःची गाडी तोट्याची आहे. "मीच चालवेन, ड्रायव्हरचा पगार वाचेल" असं म्हणत असाल तर थांबा. तुम्ही स्टिअरिंगवर असताना गिऱ्हाइकांना फोन कोण करणार? वसुली कोण करणार? तुमच्या वेळेलाही पगार असतो, तो वहीत लिहा.

तीन महिन्यांची वही

गाडी घ्यायच्या आधी तीन महिने भाड्याच्या गाडीवर काम करा आणि रोज चार गोष्टी लिहा:

१. माल किती किलो? अंदाज नको, वजनकाट्याची पावती लावा.
२. जाऊन-येऊन किती किलोमीटर?
३. परतताना गाडी रिकामी आली की भरून?
४. भाडं आणि हमाली मिळून किती गेले?

तीन महिन्यांनी वही उघडा. दहापैकी आठ फेऱ्या ज्या वजनात बसतात, ते तुमच्या गाडीचं माप. वरच्या दोन फेऱ्या भाड्याने करा. महिन्याला २०-२२ दिवस काम निघत नसेल तर गाडीचा विषय सहा महिने बंद. यात कमीपणा काही नाही. शेजारच्याच्या दारात नवी गाडी आली म्हणून आपल्या दारात यायला हवी असं थोडंच आहे?

घ्यायचं ठरलं तर

घाटात आणि हायवेवर भरलेली गाडी पळवायची असेल तर डिझेल बरं. शहरात ठरलेल्या फेऱ्या असतील तर सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचा विचार करा, पण पंप किंवा चार्जिंग तुमच्या वाटेवर आहे का ते आधी बघा. सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावात आहे का हे विचारा. गाडी दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तुमचं नियमित जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर हा भरलेला कर तुम्हाला परत वळता करता येतो. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. बुकिंगच्या आधी सीएंना एक फोन करा आणि बिल धंद्याच्या नावावर, जीएसटी नंबरसह घ्या. एवढ्या एका फोनमध्ये लाखभर रुपयांचा फरक पडू शकतो.

शेवटचं. शोरूममधला माणूस वाईट नसतो, पण त्याला गाडी विकायची आहे आणि तुम्हाला धंदा चालवायचा आहे. त्याच्यासमोर बसताना तुमच्या हातात ती वही हवी. वही असेल तर तो तुम्हाला गाडी दाखवेल. वही नसेल तर स्वप्न दाखवेल, आणि त्याचा हप्ता साठ महिने चालतो.

उद्यापासून वही सुरू करा. पहिली पावती वजनकाट्याची. भेटूया पुढच्या व्हिडिओत!