पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?



आपली सभा भरली की मंडपाच्या कडेला साध्या वेषातला एक इसम उभा राहून टिपणे घेतो, हे दृश्य आपल्यातील पुष्कळांच्या परिचयाचे आहे. तो बहुधा राज्य पोलिसांच्या विशेष शाखेचा माणूस असतो. हेच काम साऱ्या देशभर करणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे इंटेलिजन्स ब्यूरो होय. त्या इसमाचा राग धरण्याचे कारण नाही. शत्रूचे डाव, बॉम्बस्फोट, दंगली यांची आगाऊ बातमी काढणारे खाते प्रत्येक राष्ट्रास लागतेच. आणि दंगल पेटली म्हणजे तिची पहिली झळ गरिबाच्याच वस्तीला लागते. प्रश्न एवढाच की, ही सत्ता कोणत्या कायद्याने दिली आणि तिचा हिशेब कोण घेतो?

वकिली करणारा माणूस म्हणून सांगतो, ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. इंटेलिजन्स ब्यूरोचा उगम १८८७ साली इंग्रजी अमदानीत झाला. परदेशातील बातमी काढणारी 'रॉ' १९६८ साली निघाली. दोहोंपैकी एकीचीही स्थापना संसदेच्या कायद्याने झालेली नाही. वास्तविक तसा कायदा करण्याचा अधिकार संविधानाने संघसूचीच्या आठव्या नोंदीत संसदेस दिलेला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत ह्या नोंदीवर शंका निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, ह्या खात्याने माहिती गोळा करावी व तिची शहानिशा करावी. गुन्ह्याचा तपास हे पोलीस अधिकाऱ्याचेच काम राहील. मर्यादेची रेघ तेव्हाच आखली गेली होती. ती कायद्यात उतरविण्याचे काम मात्र राहून गेले.

ज्या कायद्यांत ह्या संस्थांचा उल्लेख येतो, तो कशासाठी येतो पाहा. १९८५ च्या कायद्याने त्यांच्या नोकरवर्गाच्या संघटनेवर व वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध घातले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्यांना वगळले. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग यांच्या आरोपांपुरती एक खिडकी तेवढी ठेवली. आतल्याने बोलू नये, बाहेरच्याने विचारू नये, एवढी तजवीज झाली. अधिकार कोठे संपतात, हे कोठेच लिहिले गेले नाही.

टेलिफोनचेही तेच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो चोरून ऐकण्यावर बंधने घातली. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरी आजही फोन ऐकण्याचा हुकूम सामान्यतः गृहसचिव देतात आणि तो तपासणारी समिती मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली बसते. वादी आणि न्यायाधीश एकाच घरचे!

यातून काय ओढवते, हे अमेरिकेत दिसले. निग्रो जनतेच्या हक्कांसाठी अहिंसेने लढणाऱ्या मार्टिन लूथर किंग यांचे फोन १९६३ पासून तेथील एफ. बी. आय. ऐकत होती. १९६४ साली तिने त्यांना एक निनावी पत्र धाडले. आत्महत्या करा, असाच त्याचा रोख होता. हक्क मागणारा माणूस राष्ट्राचा शत्रू ठरला. हे उघडकीस आणले ते सिनेटर चर्च यांच्या समितीने, १९७५-७६ साली. त्यानंतर सिनेटने कायमची देखरेख समिती नेमली. ब्रिटननेही १९८९ साली आपल्या अंतर्गत हेरखात्यास कायद्याच्या चौकटीत आणले व १९९४ साली संसद सदस्यांची समिती बसविली. ह्या उपायांनी तेथे सर्व दोष संपले असे नाही. पण जाब विचारण्याची जागा निर्माण झाली.

आपल्या मागण्याही तीनच असाव्यात: खात्याचे अधिकार सांगणारा कायदा, संसदेची देखरेख समिती आणि फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी. मत मागावयास उमेदवार दारी येतील, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हाही प्रश्न त्यांस विचारा. सभेत टिपणे घेणारा इसम खुशाल टिपणे घेवो. त्याच्या वहीवरही कायद्याची नजर असली पाहिजे.