गैरमुल्क्यानं बोलावं की नाही?

आखातात नोकरीला गेलेल्या कुणाची मोबाइलवरच्या मजकुरापायी नोकरी गेली, की आपल्याकडे बीडमध्ये चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागतो: परक्या मुलखात पोट भरायला गेलात ना, मग तिथल्या कायद्यात राहा, खाल्ल्या घरचे वासे मोजू नका. या निकालातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याशी माझं भांडण आहे.

मान्य ते आधी सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत धर्मावरून, वंशावरून कुणाला हिणवण्याविरुद्ध 2015 पासून कडक कायदा आहे. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, तिथंच राहणाऱ्या काही भारतीयांनी मुसलमानांविषयी गरळ ओकली आणि काहींच्या नोकऱ्या गेल्या. भेदभाव आपल्या नीतीत आणि कायद्यात बसत नाही, ही आठवण आपलेच राजदूत पवन कपूर यांना जाहीरपणे करून द्यावी लागली. ज्यांच्या शेजारी राहायचं, ज्यांच्याकडून पगार घ्यायचा, त्यांनाच रात्री खोलीत बसून शिव्या द्यायच्या आणि अंगाशी आलं की वकिलातीकडे धावायचं, हा काही बाणेदारपणा नव्हे. इथं मतस्वातंत्र्याचा गळा घोटला, अशी ओरड मी करणार नाही.

पण टपरीवरचा नियम इथं थांबत नाही. त्याच अमिरातीत जुलै 2024 मध्ये 57 बांगलादेशींना शिक्षा झाल्या. तिघांना तर जन्मठेप. त्यांनी यजमानाविरुद्ध चकार शब्द काढला नव्हता, निदर्शनं केली होती ती ढाक्यातल्या स्वतःच्याच सरकारविरुद्ध. निदर्शनांना तिथं बंदी आहे, ती त्यांनी मोडली, हे खरं. पुढं ऑगस्टमध्ये शेख हसीना यांचं सरकार कोसळलं आणि सप्टेंबरमध्ये या सगळ्यांना माफी मिळाली. माणसं तीच, कृत्य तेच. बदललं होतं ते ढाक्यातलं सरकार. तेव्हा ‘कायदा आहे, पाळा’ म्हणणाऱ्यानं तो कायदा कुणाची मर्जी राखतो, हेही जरा पाहावं.

आता घरचं उदाहरण घेऊ. 1935 च्या सुमारास आपल्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, एक संन्यासी मास्तर योगेश्वरीच्या शाळेत आले. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. अंबाजोगाई मात्र निजामाच्या राज्यात, आणि तिथं सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण 53’ हे त्या हुकमाचं नाव मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना अजून आठवेल. खासगी शाळा आणि तालमींवरही निर्बंध होते. टपरीचा नियम लावला तर या मास्तरांनी इंग्रजी-गणित शिकवून गुपचूप पगार घ्यायला हवा होता. त्यांनी तसं केलं नाही. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेआधीच बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि हे मास्तर, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, तुरुंगात गेले. चळवळ बाहेरच्यांनी पेटवली आहे, असं तेव्हाचे निजामाचे हाकीमही म्हणत. आज टपरीवर हेच ऐकू येतं आणि ते बोलणाऱ्याला आपण कुणाचा युक्तिवाद वापरतो आहोत याची गंधवार्ता नसते.

यावर कुणी म्हणेल, हैदराबाद काही परदेश नव्हतं. आजच्या नकाशात नाही. पण तेव्हा नाणं वेगळं, हाली सिक्का; सीमेवर करोडगिरीचा नाका; टपाल वेगळं; नोकरीत मुल्की-गैरमुल्की, म्हणजे राज्यातला आणि बाहेरचा, असा भेद. तेही पटत नसेल तर मुंबईच्या हॉर्निमन सर्कलचं नाव घ्या. बी. जी. हॉर्निमन हा इंग्रज संपादक भारतीयांची बाजू मांडतो म्हणून 1919 मध्ये सरकारनं त्याला इथून हद्दपार केलं.

मग दुबईतला शिवराळ माणूस आणि स्वामीजी यांत फरक कोणता? स्वामीजींनी आधी हिप्परग्याच्या शाळेत आणि मग अंबाजोगाईत वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, तिथल्याच लोकांबरोबर उभे राहिले, मागितलं ते त्या लोकांसाठी, आणि कायदा मोडला तो उघडपणे, शिक्षा भोगायच्या तयारीनं. परक्याच्या बोलण्याला मी या कसोट्या लावीन. त्याचा पासपोर्ट ही माझी कसोटी नव्हे. सगळ्यांनीच तुरुंगात जावं असंही मी म्हणत नाही. घरी कर्जाचे हप्ते थकलेला पोरगा तिथं गप्प राहिला तर तो शहाणाच आहे. पण त्याचा शहाणपणा वेगळा आणि ‘परक्याला हक्कच नाही’ हा सिद्धांत वेगळा.

हा सिद्धांत आपल्यावरच उलटतो, ते वेगळंच. दर दिवाळीनंतर बीडची हजारो माणसं उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. फडावर ती परकीच असतात. दरवाढीसाठी त्यांनी ‘कोयता बंद’ची हाक दिली तेव्हा ‘दुसऱ्याच्या रानात गेलात, मिळेल ते घ्या’ असं त्यांना सांगणारा माणूस बीडमध्ये कुणाला खपला असता?

आपण यजमान असतो तेव्हाचीही परीक्षा झाली आहे. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांत दिसला म्हणून मद्रास आयआयटीतल्या जर्मन विद्यार्थ्याला डिसेंबर 2019 मध्ये देश सोडावा लागला. जादवपूरच्या पोलिश विद्यार्थ्यालाही तशीच नोटीस मिळाली. ती मार्च 2020 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं रद्द केली. राज्यघटनेचं एकोणिसावं कलम नागरिकांपुरतं आहे. चौदावं आणि एकविसावं मात्र या भूमीवरच्या प्रत्येक माणसासाठी आहे.

आखातातल्या भावाला, भाच्याला तिथले कायदे जरूर समजावून सांगा. तोंडाला लगाम घाल, असंही बजावा. पण परका आहेस म्हणून तुला हक्कच नाही, एवढं मात्र त्याला सांगू नका. निदान अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात ज्यांनी कधी केसपेपर काढला आहे, त्यांनी तरी नाही.