घर विकणारा आणि घराचा सल्ला देणारा

दसरा-पाडव्याच्या सुमारास नागपुरातील वृत्तपत्रांची पाने भूखंडांच्या जाहिरातींनी भरून जातात. मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका क्रमांक यांच्या शेजारी 'एन.ए., टी.पी., आर.एल.' ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात, आणि मिहान, मेट्रो वा समृद्धी महामार्ग किती मिनिटांच्या अंतरावर आहे याचा हिशेब त्याखाली दिलेला असतो. या अक्षरांचा अर्थ नेमका सांगू शकेल असा मनुष्य सामान्य ग्राहकाच्या परिचयात बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे ते भूखंड विकून देणारा दलाल. तीस वर्षे शाळेत शिकवून किंवा कचेरीत टिपणे लिहून भविष्य निर्वाह निधी साठविलेल्या माणसाला घराबाबतचा पहिला सल्ला मिळतो, तो असा ग्राहकाच्या होकारावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे त्याच्याकडून. विक्रेता आणि सल्लागार या दोन भूमिका एकाच व्यक्तीने कशा पार पाडाव्यात, हा प्रश्न म्हणूनच केवळ त्या व्यवसायापुरता उरत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीशी तो निगडित आहे.

दलाल या शब्दाला मराठीत जी कुचेष्टेची छटा चिकटली आहे, ती बाजूला ठेवूनच या प्रश्नाचा विचार करावयास हवा. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका, अकृषक परवानगी आणि मंजूर नकाशा अशा अनेक कागदांतून वाट काढणे नवख्या माणसाला एकट्याने जमत नाही. कोणत्या वस्तीत उन्हाळ्यात विहिरी आटतात, कोठे पावसाळ्यात रस्त्यावर नाला येतो, कोणत्या मालकाला पैशाची निकड आहे, ही माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नसते. ती फिरत्या माणसाकडेच असते. शिवाय आग्रह हाही सर्वस्वी दोष नव्हे. अनिश्चयात दहा वर्षे घालवून, शेवटी शहराबाहेर दुप्पट अंतरावर तिप्पट भावाने घर घेणारी कुटुंबे नागपुरात थोडीथोडकी नाहीत. योग्य वेळी कोणीतरी धीर दिला असता तर त्यांचे कल्याणच झाले असते. तेव्हा दलालाने विकूच नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या सल्ल्यातील कोणता भाग विश्वासार्ह मानावा आणि कोणता मानू नये, हे ठरविता आले पाहिजे.

दलालीचे गणित

याचे उत्तर दलालीच्या साध्या अंकगणितात मिळते. समजा, तीस लाखांच्या सदनिकेवर दोन टक्के दलाली ठरली आहे. व्यवहार झाला तर साठ हजार रुपये मिळतात. ग्राहकाने घासाघीस करून किंमत दोन लाखांनी उतरविली, तर दलालाचे नुकसान अवघे चार हजारांचे होते; पण ग्राहक उठून गेला, तर साठही हजार बुडतात. त्यामुळे भाव थोडा कमी करून देण्यास दलाल सहसा नाखूष नसतो. उलट, सौदा मोडू नये म्हणून तो मालकालाही दोन पावले मागे यावयास सांगतो आणि ग्राहकालाही दोन पावले पुढे रेटतो. त्याचे खरे हितसंबंध किमतीत नसून सौदा पुरा होण्यात, आणि तोही आजच होण्यात, गुंतलेले असतात.

यावरून एक विवेक करता येतो. परिसर, पाणी, शेजार, चालू भाव यांविषयी दलालाचे ज्ञान मोलाचे असते आणि ते घ्यावे. परंतु 'हे घर घ्यावे की घेऊ नये' आणि 'कागद पुरेसे आहेत की नाहीत' या दोन प्रश्नांवर त्याचा शब्द प्रमाण मानता येत नाही. याचा अर्थ तो अप्रामाणिक असतो असा नव्हे. ज्याला नकारासाठी काहीच मिळत नाही, त्याने नकाराचा सल्ला द्यावा ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

प्रतिष्ठेची भीती दलालाला सरळ मार्गावर ठेवील, असे काहीजण म्हणतात. किराणा दुकानदाराला ते लागू पडते. त्याचे गिऱ्हाईक दर महिन्याला परत येते. घराचे गिऱ्हाईक आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येते. आणि फसगत उघडकीस येते तीही बहुधा पाच-दहा वर्षांनी, नकाशा मंजुरीस टाकताना किंवा घर पुन्हा विकावयास काढताना. तोवर दलाल कोणता आणि त्याने तोंडी काय सांगितले होते, याचा पुरावा उरलेला नसतो.

नागपूरचा अनुभव

या शहराला हा धडा नवा नाही. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला तो शहराची वाढ आखीव व्हावी म्हणून. प्रत्यक्षात शहर वाढत गेले ते फार मोठ्या प्रमाणावर खासगी लेआऊटमधून. शेताचा कागदावर नकाशा काढावयाचा, त्यावर रस्ते व बगीचे रंगवावयाचे, हजार-दीड हजार चौरस फुटांचे तुकडे पाडावयाचे आणि ते मासिक हप्त्यांनी विकावयाचे, ही पद्धत इथे रूढ झाली. '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' हे शब्दप्रयोग नागपूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. अनधिकृत वस्त्यांच्या याद्या म्हणजे जणू शहराच्या भूगोलाचाच भाग झाल्या. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधणी नियमित करण्याचा मार्ग खुला केला. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली.

त्या काळी ग्राहकाला मोटारसायकलवर बसवून शेत दाखविणारा मध्यस्थ 'पुढे सारे नियमित होते' असे सांगत असे. गुंठेवारी कायद्याने त्याचे भाकीत बऱ्याच अंशी खरेही ठरविले. मात्र एक गोष्ट सांगावयाची राहून गेली होती. नियमित होण्याचा आकार आणि विकासाचा खर्च भूखंडधारकाच्याच शिरावर पडणार होता, आणि तोवर रस्ता, नाली व पाणी यांसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागणार होते. शिवाय मैदान वा रस्ता यांसाठी आरक्षित जागेवर ज्याचा भूखंड निघाला, त्याला ते भाकीतही उपयोगी पडले नाही. विक्रीच्या भाषेत सरळ असत्य क्वचितच असते. ती सत्याचा अर्धा भाग सांगते, आणि सल्लागाराचे काम उरलेला अर्धा भाग सांगणे हे असते. २००२ मध्ये विमानतळ विकास कंपनी स्थापन होऊन मिहानची चर्चा सुरू झाली, २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. प्रत्येक वेळी शहराभोवतीच्या गावांच्या जमिनीला नवे विशेषण मिळाले आणि जुनीच भाषा नव्या ठिकाणांच्या नावांनिशी परतली.

ओळखीचा धोका

यात आणखी एक नाजूक बाब आहे. भूखंड सुचविणारा माणूस अनेकदा परका नसतो. शिक्षकांच्या खोलीतील सहकारी, कचेरीतील शेजारच्या टेबलावरचा बाबू, विम्याचा हप्ता न्यावयास येणारा परिचित यांच्याकडून 'आपल्याच माणसाचे लेआऊट आहे, मीही एक घेतला' असे ऐकावयास मिळते. त्याला त्या लेआऊटवाल्याकडून प्रत्येक नावामागे काही रक्कम मिळते, हे मात्र ऐकावयास मिळत नाही. मैत्रीच्या शब्दाला ग्राहक प्रतिप्रश्न करीत नाही, कागद मागणे त्याला अविश्वासाचे वाटते; आणि म्हणूनच हा शब्द पगारी विक्रेत्याच्या शब्दाहून अधिक महाग पडू शकतो.

कायद्याने मात्र येथे भिडेला जागा ठेवलेली नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार, प्रकल्पातील भूखंड वा सदनिकेसाठी ग्राहक आणि विक्रेता यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देऊन जो मोबदला घेतो, तो एजंटच ठरतो. नोंदणीकृत प्रकल्पात असे काम करावयाचे तर त्याला स्वतःची नोंदणी लागते, आणि नोंदणीस पात्र असूनही नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री त्याला करताच येत नाही. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील लेआऊटही या कायद्याच्या कक्षेत येतो.

कायद्यातील उणीव

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हा कायदा लागू झाला, आणि महारेराचे कार्यालय नागपुरातही आहे. कायद्याच्या दहाव्या कलमाने एजंटाला तोंडी वा लेखी खोटे सांगण्यास मनाई केली आहे, आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाला मिळावयाची सर्व कागदपत्रे मिळवून देण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले आहे. करारनामा नोंदविल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास तेराव्या कलमाने प्रवर्तकाला बंदी आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र न मिळविणाऱ्या सुमारे वीस हजार एजंटांच्या नोंदण्या स्थगित केल्या. हे सारे स्वागतार्ह आहे.

तथापि या कायद्याने एजंटाला खरे बोलावयास सांगितले. तो कोणाचा माणूस आहे हे मात्र सांगावयास लावले नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रतिनिधीची निष्ठा ज्याने त्याला नेमले त्याच्याशी असते. अनेक व्यवहारांत दलाली दोन्ही बाजूंकडून घेतली जाते, आणि ग्राहक समजतो की हा आपलाच सल्लागार आहे. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारे जुने घर वा जुना भूखंड हा तर या एजंट-नियमांच्या बाहेरच राहतो, आणि नागपुरातील मध्यमवर्गाचे कितीतरी व्यवहार त्याच प्रकारचे असतात.

निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हाही समज खरा नाही. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केले आहे. ग्राहक न्यायालयांचे दार उघडे आहे. १९९३ मध्ये घरबांधणी आणि २०१२ मध्ये भूखंडांचा विकास या 'सेवा' असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पण ते दार फसगतीनंतरचे आहे. निवृत्त माणसाला तेथे घालवावी लागणारी वर्षे परत मिळत नाहीत.

इतर क्षेत्रांत हा पेच कायद्याने सोडविला आहे. म्युच्युअल फंडात ग्राहकाच्या रकमेतूनच विक्रेत्याची दलाली कापण्याची प्रथा सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून बंद केली. एकाच ग्राहकाला सल्लाही द्यावयाचा आणि त्यालाच कमिशनवर योजनाही विकावयाची, यास २०२० च्या दुरुस्तीने प्रतिबंध घातला. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने मालमत्तेतील स्वतःचा हितसंबंध उघड करण्याचे बंधन दलालावर घातले. अमेरिकेत दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या तडजोडीनुसार २०२४ च्या ऑगस्टपासून घर दाखविण्यापूर्वीच ग्राहकाशी मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. काही हजारांच्या गुंतवणुकीला मिळणारे संरक्षण तीस लाखांच्या घराला का मिळू नये?

उपाय अवघड नाही. इसार घेण्यापूर्वी प्रत्येक दलालाने सही करून एक पानाचे निवेदन द्यावे. मोबदला कोणाकडून व किती मिळणार, मालकाशी वा प्रवर्तकाशी संबंध काय, आणि कोणते कागद स्वतः पाहिले व कोणते पाहिलेले नाहीत, एवढेच त्यात असावे. महारेराने हे निवेदन सक्तीचे करावे, आणि जुन्या घरांचे व्यवहारही राज्याने या नियमाखाली आणावेत. यामुळे धंदा बुडेल, ही ओरड टिकणारी नाही. जो प्रामाणिकपणे काम करतो त्याला आज न करणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते; या एका कागदाने फायदा त्याचाच होईल.

ग्राहकानेही आपल्या सवयींकडे पाहावे. दलालाला साठ हजार देताना तो कुरकुर करीत नाही, मात्र स्वतंत्र वकिलाकडून तीस वर्षांचा मालकीचा शोध घेण्याचा खर्च त्याला फुकट गेलेला वाटतो. अनेकदा वकीलही दलालच सुचवितो, आणि तपासणी होते ती इसार दिल्यानंतर. बँकेने कर्ज मंजूर केले हेच पुष्कळांना प्रमाणपत्र वाटते. बँक तपासते ती आपल्या कर्जापुरती. सौदा होवो वा मोडो, ज्याची फी तीच राहते, अशा माणसाचे मत आधी घ्यावे आणि इसाराची रक्कम मागून द्यावी. जागा पाहावयास जाताना खिशात धनादेश-पुस्तिका न नेणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय होय.