वाडा गेला, शाळा तरी उभी करा

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा अखेर डिसेंबर २०२३ मध्ये एका सोमवारी रात्री पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त झाला. त्याच्या आदल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जागा सोडायला विरोध करणाऱ्या भाडेकरूंचे म्हणणे अमान्य केले, तेव्हाच हे ठरले होते. जागेचा तिढा सुटला, तिथल्या मुलींच्या शाळेच्या स्मारकाची वाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. पण याला कुणी वारसा जतन म्हणू नये. जतन करण्याची वेळ केव्हाच निघून गेली आणि ती महापालिकेने, राज्य सरकारने आणि आलटून पालटून सत्तेवर बसलेल्या सर्व पक्षांनी मिळून घालवली.

१८४८ मध्ये याच वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. शेणामातीचा मारा झेलत त्या शिकवायला जात, हे महाराष्ट्रातले प्रत्येक शाळकरी मूल वाचते. त्या वाड्याची आपण काय दशा केली? खाली दुकाने, वर ढासळलेल्या भिंती आणि पावसात कुजणाऱ्या तुळया. समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला रोज रांगा लागतात, पण रस्त्यापलीकडे पाहावे असे तिथे कुणी काही ठेवलेच नव्हते. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. मात्र नाव द्यायला एक ठराव पुरतो. छप्पर टिकवायला पैसा, कारागीर आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते आणि ती कुणीच दाखवली नाही.

इमारत धोकादायक होती, असे सांगितले जाते. होतीच, पण ती एका रात्रीत धोकादायक झाली नाही. प्रकरण कोर्टात होते, हेही खरे. मग दशकाहून अधिक काळ चाललेल्या त्या वादात भाडेकरूंशी मोबदल्याची बोलणी नेटाने करून तो तडीस का नेला नाही? आणि फुल्यांचा विचार जपा, विटांचे काय घेऊन बसलात, हा युक्तिवाद तर मुळीच पटणारा नाही. गंज पेठेतला फुलेवाडा जपला म्हणूनच आज तिथे मुले येऊन विहीर पाहतात, समाधीपुढे उभी राहतात. विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकूडकाम महापालिकेच्याच ताब्यात टिकून आहे. म्हणजे वाडे राखता येतात. भिडेवाडा राखायची इच्छा नव्हती, एवढेच.

पेठांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांचीही हीच गत आहे. भाडे नाममात्र, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. जागा जाईल या भीतीने भाडेकरू हलत नाही. पावसाळ्यात भिंत खचते, महापालिका नोटीस चिकटवते आणि पुढे बिल्डर येतो. मालक आणि भाडेकरू दोघांनाही परवडेल अशी दुरुस्तीची योजना सरकारने आणली नाही, तर पुढच्या पिढीला पेशवाईतले पुणे फक्त छायाचित्रांत दिसेल.

दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला सगळे नेते हार घेऊन हजर होतात. पण हारांआधी महापालिकेने स्मारकाचा आराखडा, खर्च आणि मुदत लोकांपुढे मांडावी. वाड्याचे जे लाकूड-दगड हाती लागले असतील, ते भंगारात जाऊ देऊ नयेत. आणि त्या आराखड्यात पुतळ्याच्या आधी मुलींच्या वर्गखोल्या असाव्यात.