फेयॉल पाठ, शेगाव ऑप्शनला

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मॅनेजमेंट म्हणजे फेयॉलची 14 तत्त्वं. आदल्या रात्री पाठ, पेपर संपला की साफ. इकडे शेगावात गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी पाळीपाळीने येतात, बिनपगारी झाडू मारतात, पंगती वाढतात. इन्क्रिमेंट नाही, तरी काम चोख. शिवशंकरभाऊ पाटलांनी बसवलेली ही घडी अभ्यासक्रमात का नाही?

‘ती भक्ती आहे, मॅनेजमेंट नाही,’ हे उत्तर आळशी आहे. भक्ती माणसाला दारापर्यंत आणते. पुढे कुणी कुठे उभं राहायचं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. टीम लीड झाल्यावर नेमकं इथेच अडतं. म्हणून पोरांवर एक पंगत सोपवा. मग पेपरात विचारा: जो आला नाही, त्याचं काम कुणी केलं?