विश्लेषण : जुन्या यंत्राचा पेच घरी बनवता येतो, पण ओळखायचा कसा?

घरातल्या जुन्या शिलाई मशीनचा एक बारीक पेच हरवतो. हार्डवेअरच्या दुकानातला ‘एम-३’ त्या छिद्रात सैल फिरतो, ‘एम-४’ शिरतच नाही. कोणीतरी पान्याने जोर लावतो आणि बिडातले मूळ आटे कायमचे जातात. दोष ना दुकानदाराचा, ना मशीनचा. सिंगर पद्धतीच्या शिलाई मशीनमध्ये ९/६४ इंच व्यास आणि इंचाला ४० आटे, अशा मापाचे पेच असतात. ते साध्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत.

छोटा लेथ, टॅप-डाय आणि ग्राइंडर घरी बाळगणारे हौशी कारागीर असा पेच तासाभरात कातू शकतात. खरे कौशल्य त्याआधी लागते. समोरचा भाग नेमका कोणत्या मापाचा आणि कोणत्या धातूचा, हे ओळखण्यात. ही माहिती यंत्र बनवणाऱ्याकडे असते आणि यंत्र विकत घेणाऱ्याला मिळत नाही.

आटे ओळखायचे कसे?

व्यास व्हर्निअरने आणि दोन आट्यांमधले अंतर पिच गेजने मोजता येते. तरीही फसगत होते, कारण तिसरी गोष्ट म्हणजे आट्याचा कोन. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेल्या पद्धतीत तो ५५ अंश आहे. मेट्रिक आणि अमेरिकी पद्धतीत ६० अंश. पाव इंची पेचाला दोन्ही इंची पद्धतींत इंचाला २० आटे असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण आटे पूर्ण अंगाने टेकत नाहीत. अर्ध्या इंचाला मात्र ब्रिटिश पद्धतीत १२ आणि अमेरिकी पद्धतीत १३ आटे असतात. तो नट थोडा फिरून अडकतो.

भारताने वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये केला. त्याआधीची आणि त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या आराखड्यांवर बनलेली यंत्रे इंचातच राहिली. नळाचे गणित तर आणखी निराळे. ‘अर्धा इंची’ पाइपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, कारण अर्धा इंच हे मूळचे आतल्या पोकळीचे माप. टेबल फॅनच्या पात्याचा नट, सायकलचे डावे पेडल, अ‍ॅसिटिलीनच्या नळीचा नट हे उलट्या आट्यांचे असतात. ते ठाऊक नसलेला माणूस सोडवण्याऐवजी आवळतच जातो.

मेट्रिक लेथवर इंची आटे अचूक कातायचे तर १२७ दात्यांचे गिअर लागते, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, अर्थात १२७ भागिले ५. बारीक, आखूड पेचाला ६३ दात्यांच्या गिअरवरही भागते. लांब स्क्रूला नाही.

आणि धातू?

इथे जुन्या फिटरचे ज्ञान अजून कामाला येते. लोहचुंबक ही पहिली पायरी, मात्र शेवटची नव्हे. ३०४ स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणतात, पण तेच थंड अवस्थेत वाकवले किंवा ठोकले की किंचित चिकटू लागते. मग कानस. पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरते, साध्या लोखंडाला चावते. ग्राइंडरवर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात, कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या फुटून चांदण्यांसारख्या पसरतात, बिडाच्या आखूड आणि तांबूस असतात. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमच्या उडतच नाहीत.

स्वयंपाकघरातला वजनकाटाही उपयोगी पडतो. त्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवायची. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर तिचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागले की पोलाद ७.८ च्या, पितळ ८.५ च्या, अ‍ॅल्युमिनियम २.७ च्या आसपास येते. पितळ की गनमेटल, हे मात्र लहान बुशवरून या काट्याने सांगता येणार नाही.

सगळेच घासून पाहू नये. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्याने आणखी भडकतो. स्फोटक जागी ठिणगी पडू नये म्हणून वापरली जाणारी काही हत्यारे बेरिलियम मिसळलेल्या तांब्याची असतात. त्यांची धूळ फुप्फुसाला कायमचा आजार देऊ शकते आणि रंगावरून हा धातू खात्रीने ओळखता येत नाही. भंगारातून आलेला सोनेरी, अनोळखी तुकडा ग्राइंडरपासून दूर ठेवलेलाच बरा.

काय घरी बनवू नये?

बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा आकडा शोभेचा नाही. पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जातो. बाजारातल्या साध्या एम.एस. सळईची ताकद याच्या निम्म्याच्या आसपास. तिच्यातून कातलेला बोल्ट दिसायला हुबेहूब आणि मापाला अचूक असेल, पण ब्रेक, स्टिअरिंग किंवा दाबाच्या टाकीवर तो जीव घेऊ शकतो. हौशी कारागिरांत याबद्दल नको इतका आत्मविश्वास दिसतो.

मग कंपन्यांचे काय?

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. चर्चा सुटे भाग आणि माहितीपुस्तिकांची होते. पण बहुतेक पुस्तिकांत भागापुढे फक्त कंपनीचा क्रमांक असतो आणि कंपनीने तो भाग बंद केला की त्या क्रमांकाला अर्थ उरत नाही. आट्याचे माप, धातूची प्रत आणि ‘हा भाग घरी बनवू नये’ ही खूण, एवढ्या नोंदी प्रत्येक पुस्तिकेत सक्तीच्या हव्यात. नकली मालाचा धोका हा कंपन्यांचा युक्तिवाद इथे लंगडा आहे. नकली बनवणारा व्हर्निअर लावून माप केव्हाच काढतो. अडतो तो मालक आणि अंदाजाने काम करणारा गल्लीतला टर्नर.

तोवर यंत्र उघडताना पुठ्ठ्यावर त्याची आकृती काढून प्रत्येक पेच आपापल्या जागी खोचून ठेवण्याची फिटरची जुनी सवयच कामाची. एखादा हरवलाच, तर शेजारच्या छिद्रातला सारख्या मापाचा पेच टर्नरला नमुना म्हणून नेता येतो.