पडद्याला बोट लावणारी मुलगी

मागच्या आठवड्यात वस्तीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला तिच्यासोबत गेलो होतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाईलवर तिची बोटं अशी चालतात की बघत राहावं. सायबर कॅफेत संगणकासमोर बसली आणि तिने पडद्यालाच बोट लावलं. मागे रांगेतला एक जण हसला. तिने हात मागे घेतला. "दादा, तुम्हीच भरा."

आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, "या पोरांना शिकायचंच नसतं, नुसते रील बघायला पाहिजेत." मित्रांनो, "यांना डोकंच नाही" हे वाक्य आपल्या आजोबांनीही ऐकलं होतं. ते आता आपणच आपल्या पोरांना ऐकवायचं का?

पडद्यावर काय असतं ते एकदा नीट बघा. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग. त्यावर फाइल, फोल्डर, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, त्यात टेबल, फाइल, फोल्डर अशी मांडणी होती. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटावी म्हणून केलेली. ज्याचा बाप कारकून होता त्याने फाइल हा शब्द लहानपणीच घरात ऐकला. ज्याची आई ऊसतोडीला जाते, त्याच्या घरी दाखला, रेशनकार्ड, आधार सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतं. "फाइल कुठे सेव्ह केलीस?" या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? मोबाईलने तर फोल्डर नजरेआडच केलेत. समाजशास्त्रात याला बोर्द्यू सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपण साध्या भाषेत म्हणू, घरातून मिळालेली सवय.

आणि संगणक घरात असतो तरी किती जणांच्या? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४ टक्के घरांत संगणक होता, शहरात २३ टक्के. १५ ते २९ वयाच्या तरुणांत संगणक चालवता येणारे ग्रामीण भागात २४ टक्के, शहरात ५६. सरकारी नोकरीला मात्र एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मागतात. फी भरून ते मिळतंही. पण कोर्स संपला की सराव कशावर करायचा?

माझ्या शाळेत दोन संगणक होते. खोलीला कुलूप, संगणकावर कापड. वर्षातून एकदा रांगेने दाखवायचे आणि सर ओरडायचे, "हात लावू नका, बिघडेल!" आपल्या समाजाला 'हात लावू नका' नवीन नाही, पण ते सोडा. मुद्दा असा की संगणक चुका करतच शिकला जातो. चुकीचं बटण दाबायचं, काहीतरी उडवायचं, परत आणायचं. बिघडलं तर दुरुस्तीला पैसे आहेत, हे ज्या पोराला माहीत असतं तो बिनधास्त दाबतो. कॅफेत मिनिटामिनिटाचे पैसे मोजणारी मुलगी कशी दाबेल?

त्यात फॉर्मही माणसाला छळायलाच बनवल्यासारखे. फोटो ठरावीक केबीच्या आत हवा, कॅप्चा वाचता येत नाही, ओटीपी बापाच्या फोनवर जातो आणि बाप साइटवर कामाला. अनुसूचित जातींसाठीची ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आज तिच्या आणि पोरीच्या मध्ये एक माउस उभा आहे. तारीख गेली की वर्ष गेलं. फी भरता येत नाही म्हणून कॉलेज सोडलेली पोरं मी पाहिली आहेत.

आपण कार्यकर्तेही कमी नाही. पोराच्या हातातून माउस घेतो, पाच मिनिटांत फॉर्म भरतो आणि समाजकार्य केल्याचं समाधान मिळवतो. पुढच्या वर्षी तेच पोर पुन्हा आपल्या दारात. त्या दिवशी मीही तेच केलं.

आता आमच्या विहारात दोन जुने संगणक मांडले आहेत. दर रविवारी दुपारी खोली उघडी असते, नियम एकच: दुसऱ्याच्या हातातला माउस घ्यायचा नाही. पहिल्या रविवारी ती मुलगी आली. माउस टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि विचारलं, "आता जागाच संपली, पुढे कसं जायचं?" मी हात पाठीमागे बांधून म्हणालो, "उचल आणि परत मध्ये ठेव." मला दोनदा तो घ्यावासा वाटला.